रिकामा रकाना

पलसाण्याला रात्र होते, पण ती काळी नसते. महामार्गावरचे दिवे, कडोदऱ्याच्या बाजूने चढून येणारा पिवळट उजेड, डाइंग मिलच्या धुराड्यांवरचे तांबडे ठिपके आणि वायव्येला सुरत शहराची प्रभा, या सर्वांमुळे आमच्या गच्चीवरचे आकाश साय धरलेल्या दुधासारखे दिसते. हिवाळ्यात, पोंकाच्या दिवसांत, एखाद्या स्वच्छ रात्री व्याध दिसतो, मृगाचे तीन बाण दिसतात. आकाशगंगा मात्र मी येथे आल्यापासून पाहिलेली नाही. सेवानिवृत्तीनंतर २०१७ साली मुलाच्या नोकरीनिमित्त आम्ही येथे राहावयास आलो. गावाकडच्या ज्या काही गोष्टी सुटल्या त्यांत हे आकाश एक. उसाची शेते येथेही आहेत, कालव्याचे पाणी आहे, माणसे भली आहेत. पण मान वर करून पाहावे असे फारसे काही उरलेले नाही.

त्यामुळे असेल कदाचित, पण न दिसणाऱ्या आकाशाचा मला नाद लागला. रेडिओ लहरींना दिव्यांचे भय नसते, ढगांचे नसते, दिवसाचेही नसते. भय असते ते माणसाने निर्माण केलेल्या रेडिओ गोंगाटाचे. या लहरींच्या आकाशात असंख्य उगमस्थाने आहेत आणि त्यांतील कितीतरी कोणाची आहेत हेच ठाऊक नाही. शास्त्रज्ञ त्या स्रोताच्या मूळ घराला ‘यजमान दीर्घिका’ म्हणतात. दीर्घिका हा शब्द मी प्रथम डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘आकाशाशी जडले नाते’ या पुस्तकात वाचला आणि तो मनात बसला. यजमान हा शब्द मात्र आपल्या घरातलाच. यज्ञ करणारा तो यजमान, पाहुण्याला घरी उतरवून घेणारा तो यजमान, आणि आमच्या आईच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचे नाव न घेता ज्याचा उल्लेख करीत तोही यजमानच.

मंडळाच्या मागच्या बैठकीत मी या विषयावर लिहिणार असल्याचे सांगितले, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी हसत विचारले, “सारा आयुष्य सातबारा लिहिण्यात गेलेल्या माणसाचा दीर्घिकांशी काय संबंध?” प्रश्न योग्यच होता. मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. खरे उत्तर येथे लिहितो आहे.

महसूल खात्यात तेहेतीस वर्षे मी एकच प्रश्न विचारीत आलो: हे कोणाचे? जमीन समोर दिसते, तिच्यावर पीक उभे असते, बांध असतो, विहीर असते. पण ती कोणाची हे जमीन सांगत नाही. रेडिओ खगोलशास्त्रात नेमकी तीच अडचण उलट्या बाजूने येते. आवाज ऐकू येतो, पण तो कोणत्या घरातून येतो ते कळत नाही.

प्रारंभीच्या काळात ही अडचण किती मोठी होती याची आज कल्पना येणार नाही. रेडिओ लहरींची लांबी प्रकाशलहरींच्या लाखो पट असते, म्हणून त्यांची दुर्बीणही तितकीच मोठी असावी लागते. नसेल तर तिला सारे अंधुक दिसते. पूर्ण चंद्राचे बिंब आकाशात अर्धा अंश जागा व्यापते. पहिल्या काही वर्षांत एखाद्या स्रोताची जागा सांगावयाची तर कधी कधी चंद्राहून मोठा तुकडा दाखवावा लागे आणि म्हणावे लागे, की यात कोठेतरी आहे. त्या तुकड्याचे मोठ्या दुर्बिणीतून छायाचित्र घेतले, तर त्यात हजारो तारे आणि अंधुक दीर्घिका. पुऱ्या गावाचा नकाशा पुढे टाकून ‘यातले एक घर’ असे म्हणण्यासारखेच ते.

१९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन बोल्टन, गॉर्डन स्टॅन्ली आणि ब्रूस स्ली या तिघांनी समुद्रकाठच्या कड्यावरून, थेट आलेल्या लहरी आणि समुद्रावरून परावर्तित झालेल्या लहरी यांचा मेळ घालून तीन स्रोतांच्या जागा बऱ्याच नेमक्या केल्या. वृषभेतला स्रोत म्हणजे क्रॅब तेजोमेघ निघाला. कन्या आणि नरतुरंग या समूहांतले दोन स्रोत दोन विलक्षण दीर्घिकांपाशी पडत होते. पण आपल्या निबंधाच्या शीर्षकात त्यांनी तिन्ही स्रोतांना आपल्याच आकाशगंगेतले म्हटले. इतक्या दूरच्या दीर्घिका रेडिओ लहरींत इतक्या प्रखर असतील, हे ठामपणे म्हणण्याचे धाडस त्या वेळी सोपे नव्हते.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत प्रिय आहे, कारण त्यात चंद्र आहे.

आपल्या पंचांगात पिधान हा शब्द येतो. चंद्र आपल्या मार्गाने जाताना एखाद्या ताऱ्याला झाकतो, ते पिधान. चंद्र ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तासाला साधारण आपल्या बिंबाइतका सरकतो. हिशेब केला तर सेकंदाला अर्धी विकला होते. आणि विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. आता समजा, एखादा रेडिओ स्रोत चंद्राच्या कडेआड गेला आणि त्याचा आवाज एकदम बंद पडला. त्या क्षणी चंद्राची कड कोठे होती हे गणिताने अचूक काढता येते. म्हणजे स्रोत त्या कडेवर कोठेतरी आहे. पुढे तो दुसऱ्या बाजूने बाहेर पडला की दुसरी कड मिळाली. दोन वक्ररेषा जेथे छेदतात तेथे स्रोत. छेद दोन ठिकाणी पडतात हे खरे, पण ढोबळ जागा आधी ठाऊक असल्याने त्यांतला खरा कोणता हे बहुधा कळते. मोजणीचे काम पाहिलेल्या माणसाला हे वाचताना आनंद होतो. आमचे भूकरमापकही साखळी आणि शंकू घेऊन असेच दोन बाजूंनी येऊन एका दगडावर मिळत. घड्याळ सेकंदाइतके खरे असले, की मैलभर लांबीची दुर्बीण नसताना विकलेची अचूकता हाती येते. दुर्बिणीचे काम चंद्राची कड करते.

५ ऑगस्ट १९६२ रोजी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटर व्यासाच्या तबकडीने ‘३सी २७३’ या स्रोताचे पिधान टिपले. हे काम सिरिल हॅझर्ड यांच्या योजनेचे. चंद्र क्षितिजाकडे फार खाली गेलेला असणार म्हणून तबकडीला नेहमीच्या मर्यादेखाली झुकवावे लागले आणि त्यासाठी काही अडसर काढून टाकावे लागले, असे सांगतात. स्रोताचे दोन भाग निघाले. एक भाग तेराव्या प्रतीच्या एका साध्या ताऱ्यावर येऊन पडत होता आणि दुसरा त्या ताऱ्यापासून निघालेल्या अंधुक शलाकेच्या टोकावर. कॅलिफोर्नियात मार्टेन श्मिट यांनी त्या ‘ताऱ्याचा’ वर्णपट घेतला. त्यातल्या रेषा ओळखीच्या नव्हत्या. फेब्रुवारी १९६३ मध्ये एका दुपारी त्यांच्या लक्षात आले, की या रेषा हायड्रोजनच्याच आहेत, फक्त जवळजवळ सोळा टक्क्यांनी तांबड्या बाजूला सरकल्या आहेत. म्हणजे ती वस्तू दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून अधिक दूर. तो तारा नव्हताच. क्वासार या जातीची ओळख अशी पटली. पण यजमान? तो आणखी तीसेक वर्षे त्या तेजाच्या आड झाकलेला राहिला. १९९० च्या दशकात हबल दुर्बिणीने मधले तेज बाजूला सारून पाहिले, तेव्हा भोवतीची दीर्घिका स्पष्ट दिसली.

हीच चंद्राची युक्ती एका भारतीयाने इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरली, की तिच्यासाठी एक स्वतंत्र दुर्बीणच उभारली. डॉ. गोविंद स्वरूप यांनी पहिला प्रयोग केला तो आपल्या कल्याणला. ऑस्ट्रेलियाने दिलेल्या सहा-सहा फुटी बत्तीस तबकड्या त्यांनी १९६५ मध्ये तेथे उभारल्या आणि सूर्याचा अभ्यास केला. मग निलगिरीत, उटीजवळ, अकरा अंशांचा उतार असलेली एक टेकडी शोधली. तेथील अक्षांशही अकराच. त्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असा अर्धनळीसारखा परावर्तक बसविला, म्हणजे त्याची लांबी आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाली आणि एकाच अक्षावर फिरवून आकाशातला स्रोत नऊ-साडेनऊ तास पकडून ठेवता येऊ लागला. टेकडीचा उतार हाच यंत्राचा भाग करून टाकण्याची ही कल्पकता मला कोणत्याही महालापेक्षा देखणी वाटते. १९७० मध्ये ही दुर्बीण सुरू झाली आणि पुढच्या दशकात तिने हजाराच्या आसपास स्रोतांची पिधाने टिपली. डॉ. विजय कपाही हे त्या कामातले एक मोठे नाव. मंद स्रोत हे सरासरीने आकारानेही लहान दिसतात, हे त्यांनी आणि स्वरूप यांनी १९७५ मध्ये दाखविले. विश्व पूर्वी आजच्यासारखे नव्हते, या मताला त्याने बळ मिळाले. कपाही पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे संचालक झाले. साडेपाचशेच्या आसपास प्रखर स्रोतांचे यजमान एकेक करून शोधण्याच्या एका मोठ्या प्रकल्पाचे ते प्रमुख होते. १९९९ मध्ये, तसे अकालीच, ते गेले.

चंद्राची एक अडचण आहे. तो आपल्या ठरलेल्या पट्ट्यातूनच जातो. बाकीच्या आकाशावर त्याची कड कधी पडत नाही. तेथे माणसालाच काहीतरी करावे लागते.

ते केलेले मी डोळ्यांनी पाहिले. २००६ साली मी पुणे जिल्ह्यात एका कामासाठी गेलो असता २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, नारायणगावजवळ खोडदला गेलो. तेथे त्या दिवशी सामान्य लोकांसाठी प्रदर्शन भरते. शाळांच्या गाड्या, चिंचेखाली बसलेल्या बाया, टोमॅटोची शेते, आणि त्यांच्या मध्ये पंचेचाळीस मीटर व्यासाच्या त्या तबकड्या. एकूण तीस. चौदा जवळजवळ, उरलेल्या सोळा तीन दिशांना पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. ही जीएमआरटी, पुन्हा स्वरूप यांचीच. जवळ गेल्यावर कळले की तबकडी पत्र्याची नाहीच. बारीक पोलादी तारांची जाळी आहे आणि तिच्यातून आरपार आकाश दिसते. मीटरभर लांबीच्या लहरीला ती जाळी भिंतीसारखी असते आणि वाऱ्याला मात्र वाट मिळते.

एका मंडपात एक संशोधक विद्यार्थी चित्रे समजावून देत होता. आकाशाच्या साध्या छायाचित्रावर रेडिओ लहरींच्या समोच्च रेषा काढल्या होत्या, आपल्या टोपोशीटवर डोंगर काढतात तशा. दोन मोठे डोंगर, एकमेकांपासून लांब. डोंगरांच्या माथ्यावर छायाचित्रात काहीही नव्हते. एका डोंगराच्या पायथ्याशी मात्र एक चांगली ठळक दीर्घिका होती. मी बोट ठेवून म्हटले, “म्हणजे हा याचा मालक.”

तो म्हणाला, “नाही काका. तो शेजारी आहे.”

मग त्याने दोन्ही डोंगरांच्या बरोबर मधोमध पेन्सिलीने खूण केली. तेथे काहीच दिसत नव्हते. त्याने समजावून सांगितले ते असे. मोठ्या दीर्घिकेच्या पोटात प्रचंड कृष्णविवर असते. त्यात पडणाऱ्या द्रव्यापैकी काही भाग दोन विरुद्ध दिशांना दोन धारांनी बाहेर फेकला जातो. या धारा दीर्घिकेच्या बाहेर लक्षावधी प्रकाशवर्षे जातात आणि तेथे अडून दोन मोठे फुगे तयार होतात. रेडिओ लहरी या फुग्यांतून येतात. म्हणून आवाज जेथे सर्वांत मोठा, तेथे घर नसते. घर मध्ये असते आणि पुष्कळदा ते इतके दूर, इतके अंधुक असते, की साध्या छायाचित्रात दिसत नाही. हे दोन फुगे १९५३ साली इंग्लंडमध्ये प्रथम सापडले, हंसातल्या प्रखर स्रोताचे. आणि सापडवणाऱ्या दोघांपैकी एक होते कलकत्त्याचे मृणालकुमार दासगुप्ता. त्या स्रोताचा यजमान बाडे आणि मिंकोव्स्की यांनी पालोमारच्या मोठ्या दुर्बिणीतून ओळखला. ओळख बरोबर होती, कारण मात्र चुकले: दोन दीर्घिका एकमेकींवर आदळत आहेत असे बाडे म्हणत आणि त्यावर त्यांनी मिंकोव्स्कींशी व्हिस्कीच्या बाटलीची पैज मारली होती. पैज ते जिंकलेही. पुढे टकरीचे कारणच निकालात निघाले.

मी त्या विद्यार्थ्याला विचारले, “मग मधे काही दिसत नसेल, तर तुम्ही यादीत काय लिहिता?”

“रकाना रिकामा ठेवतो. जुन्या याद्यांत ‘रिकामे क्षेत्र’ असे लिहीत. पुढे कोणी मोठी दुर्बीण लावून पाहील.”

“शेजाऱ्याचे नाव कोणी लिहीत नाही?”

“लिहितात ना. मग दहा वर्षांनी खोडावे लागते. मधल्या काळात त्या नावावर दुसऱ्यांनी हिशेब केलेले असतात.”

तो सहज बोलला. मंडपाबाहेर येऊन मी एका दगडावर बराच वेळ बसलो. सोबतच्या माणसाला वाटले ऊन लागले.

ती गोष्ट १९९१ सालची. मी तेव्हा खानदेशातल्या एका तालुक्यात मंडळ अधिकारी होतो. एका गावी एक म्हातारा शेतकरी वारला. जमीन साडेतीन एकर, जिराईत. तलाठ्याने वारसाची फेरफार नोंद धरली. दोन मुलगे. धाकटा गावात, जमीन कसणारा. थोरला ‘बरीच वर्षे बेपत्ता’, असे पंचांचे जबाब. चावडीवर नोटीस लागली, पंधरा दिवसांत हरकत आली नाही. कागद माझ्यापुढे आला त्या दिवशी शंभराच्या आसपास नोंदी होत्या. धाकटा समोर उभा होता, हाताला माती होती. जो दिसतो तो वारस. मी ‘प्रमाणित’ लिहून सही केली. एक नाव सातबाऱ्यावर गेले, दुसरे गेले नाही.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली आणि लाखो माणसे शहर सोडून निघाली. तापी खोऱ्याच्या गाडीला माणसे टपावर बसून नंदुरबार-जळगावकडे परत आली. त्या ऑक्टोबरात एक माणूस माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, केसांत यंत्रमागाच्या सुताची फुंकण, बरोबर बायको आणि दोन मुली. तो म्हणाला, “सर्कल साहेब, मी जित्ता शे.”

त्याच्याकडे एक प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात मनीऑर्डरच्या पावत्या. उधन्याहून धाकट्या भावाच्या नावे पाठविलेल्या. चौदा वर्षांच्या. काही महिने चुकलेले, पण चौदा वर्षांच्या. ज्याला साऱ्या गावाने बेपत्ता ठरविले, त्याच्याकडून जवळजवळ दर महिन्याला त्या घरात पैसा येत होता, आणि तो कोठून येतो हे पोस्टमनला विचारले असते तर एका मिनिटात कळले असते. विचारण्याचे काम माझे होते.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. कायद्याला असे काहीतरी मानावे लागते, नाही तर व्यवहार होणार नाहीत. पण त्या मानण्याच्या आधारावर निम्मी जमीन तोवर विकली गेली होती, घेणाऱ्याने तीत विहीर पाडली होती. त्याचा काय दोष? त्याने सातबारा पाहिला होता. मी थोरल्याला अपिलाचा रस्ता सांगितला. विलंब माफीचा अर्ज त्याला लिहिता येत नव्हता, तो मी रात्री घरी बसून लिहून दिला. ज्याने नोंद प्रमाणित केली त्यानेच तिच्याविरुद्धचा अर्ज लिहावा, हे नियमात बसणारे नव्हते. पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली. प्रकरण दिवाणी न्यायालयात गेल्याचे नंतर ऐकले. तो माणूस साथ ओसरल्यावर परत सुरतेला गेला, असेही ऐकले.

रकाना रिकामा ठेवणे माझ्या हातात होते. ‘एक वारस परगावी, पत्ता शोधावा’ एवढे लिहून नोंद परत पाठवता आली असती. वरिष्ठांनी प्रलंबित प्रकरणांचा आकडा विचारला असता, तेवढेच.

खोडदच्या त्या दिवसापासून मी या शोधाच्या बातम्या जमेल तशा वाचत आलो. अलीकडची सर्वांत मोठी गूढकथा म्हणजे ‘विचित्र रेडिओ वर्तुळे’. २०१९ साली ऑस्ट्रेलियातल्या नव्या दुर्बिणींच्या जाळ्याने आकाशाचे एक सर्वेक्षण केले. त्यात रे नॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना फिकट, गोल कडी दिसली. एक कला रुंद, म्हणजे चंद्रबिंबाचा तिसावा भाग. साध्या प्रकाशात तेथे वर्तुळाचा मागमूस नाही. क्ष-किरणांतही नाही. प्रथम यंत्राचा दोष असावा असे वाटले. मग चौथे वर्तुळ सापडले, आणि सापडले ते आपल्या खोडदच्या दप्तरात! जीएमआरटीने २०१३ मध्ये घेतलेली ती निरीक्षणे होती. कित्येक वर्षे ती नीट बांधून ठेवलेली होती. वर्तुळ त्यात होते, शोधणारा नजरेचा माणूस यायचा होता. ह्युइब इंटेमा या डच शास्त्रज्ञाने ते पाहिले. अभिलेखागारात आयुष्य काढलेल्या माणसाला याचे नवल वाटत नाही, पण सुख फार वाटते. वेगळ्या देशातल्या, वेगळ्या दुर्बिणीने तेच दाखविले म्हटल्यावर यंत्राच्या दोषाची शंका मिटली.

पण वर्तुळे कोणाची? पहिल्या चारांपैकी दोहोंच्या मध्यभागी एकेक दीर्घिका होती. आता येथे शास्त्रज्ञांनी जे केले ते मी १९९१ मध्ये केले नव्हते. मध्यभागी दीर्घिका आहे म्हणून तीच यजमान, असे त्यांनी लिहून टाकले नाही. आकाशात दीर्घिका इतक्या दाट आहेत, की कोठेही वर्तुळ काढले तर केंद्राजवळ एखादी योगायोगानेही येईल. त्या योगायोगाची शक्यता किती, याचा हिशेब मांडला. मग २०२१ मध्ये बेर्बेल कोरिबाल्स्की यांच्या गटाने आणखी एक वर्तुळ जाहीर केले. त्याच्याही बरोबर मध्ये तशीच, वयस्क ताऱ्यांची, लंबगोल दीर्घिका. एकदा योगायोग, दोनदा योगायोग. तिसऱ्यांदा तशाच प्रकृतीची, तशाच अंतरावरची दीर्घिका नेमकी मध्ये बसली, तेव्हा कोठे यजमान हा शब्द थोडा मोकळेपणाने वापरला जाऊ लागला. तो मान्य केला तर त्या वर्तुळांचा व्यास दहा-पंधरा लाख प्रकाशवर्षांच्या घरात जातो. आपली सारी आकाशगंगा अशा कड्यात दहा-पंधरा वेळा ओळीने मांडता येईल. पुढे खोडदच्याच त्या चौथ्या वर्तुळाच्या मधल्या दीर्घिकेचा वर्णपट ॲलिसन कॉइल यांच्या गटाने हवाईतल्या केक दुर्बिणीने घेतला आणि २०२४ च्या आरंभी मांडले, की सुमारे एक अब्ज वर्षांपूर्वी तेथे तारे जन्मण्याचा मोठा उमाळा आला, त्यातून वायूचे वारे सुटले आणि त्यांचा धक्का बाहेर पसरत गेला. इतर काही अभ्यासक कृष्णविवराकडे बोट दाखवितात. घर सापडले, घरात काय घडले यावर वाद चालू आहे. बाडेंची पैज आठवते.

२०२५ मध्ये मुंबईच्या डॉ. आनंद होता यांच्या ‘रॅड ॲट होम’ या नागरिक-विज्ञान उपक्रमातून आणखी एक वर्तुळ, खरे तर एकात एक छेदणारी दोन कडी, जाहीर झाली. निरीक्षणे युरोपातल्या लोफार दुर्बिणीची. २०१३ पासून हा गट देशभरातल्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना प्रकाशाची, अवरक्त किरणांची आणि रेडिओची चित्रे एकमेकांवर ठेवून पाहावयास शिकवितो. यंत्राच्या नजरेतून सुटलेले माणसाच्या नजरेला सापडते, ही गोष्ट या वयात धीर देणारी आहे.

माझी नात अकरावीला आहे. जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या सर्वेक्षणाची चित्रे सर्वांना खुली आहेत. सहा लाखांवर स्रोतांची यादी त्यातून २०१७ मध्ये निघाली. रविवारी आम्ही दोघे संगणकावर ती उघडून बसतो. शास्त्राला याचा उपयोग नाही, आमचा खेळ आहे. दोन फुगे दिसले की ती ताबडतोब जवळच्या ठळक दीर्घिकेवर बाण नेते. “आजोबा, हाच!” मी म्हणतो, मध्य काढ. ती मध्य काढते. तेथे कधी अंधुक तांबूस ठिपका असतो, पुष्कळदा काहीच नसते. वहीत तिने रकाने आखले आहेत: जागा, आकार, यजमान. तिसरा रकाना बहुतेक रिकामा आहे याचे तिला वाईट वाटते. एकदा मी नसताना तिने तो भरून टाकला होता, केवळ पान सुंदर दिसावे म्हणून. मी खोडरबर दिले. मी जरा जास्तच गंभीर झालो असे सूनबाईचे म्हणणे पडले, आणि ते खरे असावे.

आमच्याकडे भाजीबाजारात, चलथाणच्या स्टेशनाबाहेर, मिलच्या पाळ्या सुटताना रस्त्यावर अहिराणी सतत कानावर पडते. अर्धा खानदेश या सुरतेच्या आसमंतात येऊन राहिला आहे. आलो तेव्हा पहिली दोन वर्षे मी वयस्क माणूस दिसला की विचारीत असे, “तुमनं गाव कोनतं?” धुळ्याकडची, नंदुरबारकडची, अमळनेरची नावे येत. ते एक गाव कधी आले नाही. तो माणूस असला तर आज ऐंशीच्या पुढचा असेल, आणि त्याच्या मुली पन्नाशीकडे आल्या असतील. एकदा मेथी घेताना एका बाईने पिशवीतून सुट्टे पैसे काढले. प्लास्टिकची जुनी पिशवी होती, घडी घालून रबर लावलेली. मी विचारणार होतो. मग वाटले, पन्नास हजार माणसांत पिशवी सारखी असणारे कितीतरी निघतील. तिने जुडी हातात दिली, मी निघून आलो.

येत्या २८ फेब्रुवारीला नातीला घेऊन खोडदला जाण्याचा विचार आहे. गुडघ्यांनी परवानगी दिली तर आदल्या रात्रीच्या गाडीने पुणे आणि तेथून सकाळी नारायणगाव. मंडळापैकी कोणाला यावयाचे असेल तर आधी कळवावे. तबकड्यांखाली सावली नसते, टोपी आणि पाणी बरोबर असू द्यावे.